एडिथमावशीची चादर आणि गाडीतलं भूत

म्युरिएल एंटविसलला धक्क्यावरच्या भुतांच्या गाडीत, अंधारात फिरवून घाबरवणाऱ्या त्या खेळात, बसायचंच नव्हतं. ऑगस्टची भर दुपार होती आणि वारा असा, की टोपी हाताने धरून चालावं लागत होतं. समुद्रात शिरलेल्या त्या लांबलचक लाकडी धक्क्याच्या टोकाला बसून निवांत चहा घ्यावा, एवढाच तिचा बेत होता. पण लीड्सहून आलेल्या धाकट्या बहिणीच्या, बेरिलच्या, डोक्यात एकदा काही शिरलं की ते उतरवायला मांत्रिकच हवा.

"अडुसष्ट वर्षं या गावात काढलीस आणि एकदाही बसली नाहीस?"

"भुतं बघायला तिकीट कशाला काढायचं? चर्चच्या महिला मंडळात फुकट दिसतात."

तरी बसली. मंगळवार असल्याने नवरा विल्फ घरी नव्हताच. बस-कंडक्टरची नोकरी संपल्यापासून अकरा वर्षं तो दर मंगळवारी गळ घेऊन मासे धरायला जात असे. आजवर घरी एक मासोळी आली नव्हती. म्युरिएलने कधी विचारलं नाही. माणसाची तेवढी अब्रू राहू द्यावी, असं तिला वाटे.

डबा खडखडत दारं ढकलून आत घुसला. शवपेटीचं झाकण उघडलं, रबरी कोळी डोक्याला घासून गेले. बेरिल प्रत्येक गोष्टीला मन लावून किंचाळत होती. तिसऱ्या वळणावर खट्ट झालं, गाडी थांबली आणि दिवे गेले. उरला तो बाहेरची वाट दाखवणारा एक हिरवा दिवा.

तेवढ्यात मागून एक बर्फासारखा हात म्युरिएलच्या मानेवर पडला. बेरिलने डोळे गच्च मिटले. म्युरिएल मात्र हलली नाही. त्रेचाळीस वर्षं हाच हात तिच्या पांघरुणात शिरत होता.

"विल्फ?"

पांढरी चादर पांघरलेल्या भुताने झटकन हात मागे घेतला.

"विल्फ, तूच ना रे?"

"नाही," भूत म्हणालं.

शेजारच्या कोनाड्यातून अंगभर पट्ट्या गुंडाळलेल्या इजिप्शियन ममीने डोकं बाहेर काढलं. "एंटविसल, फ्यूज उडाला वाटतं." मग डब्याकडे बघून ती शरमली. "नमस्कार, मिसेस एंटविसल."

"मिस्टर फॉदरगिल? चर्चमध्ये ऑर्गन वाजवता ते?"

"रविवारी फक्त," ममी म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. विल्फने खाली बघत सांगून टाकलं. "मासे धरायला निघालो त्या पहिल्याच दिवशी पाऊस आला. आडोशाला म्हणून आत शिरलो. एक बाई मला बघून अशी किंचाळली, की मालकाने तिथल्या तिथे कामावर घेतलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"घरी मी खोलीत आलो तर तू मान तरी वर करतेस का? मांजरसुद्धा करतं. इथे लोक दचकतात, म्युरिएल. मागच्या मंगळवारी एक धिप्पाड खाटीक रडला."

त्याचं काही खोटं नव्हतं. म्युरिएलने नजर खाली वळवली, तर चादरीच्या कोपऱ्यावर निळी फुलं भरलेली दिसली.

"ही एडिथमावशीची चादर! लग्नातली! शेजारणीनेच चोरली म्हणून मी तिच्याशी तीन वर्षं बोलले नाही!"

"कपाटात नुसती पडून होती गं..."

"आणि आता बघ, पोतेरं झालंय! काढ."

"इथे?"

"काढ म्हणते ना!"

भुताने चादर काढली. आत बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि मोजे. "चादरीत फार उकडतं," विल्फ पुटपुटला. म्युरिएल चादरीची घडी घालते न घालते तोच दिवे आले आणि गाडीला हिसका बसला.

दोघी बहिणी उन्हात बाहेर आल्या, आणि मागून अशी किंकाळी उठली की कठड्यावरचे सगळे पक्षी उडाले. पाठोपाठ आलेल्या डब्यातून एक तरुण जोडपं उतरलं, पांढरंफटक.

"आत एक म्हातारा आहे," मुलगा थरथरत म्हणाला. "चड्डीवर! म्हणाला, माफ करा, बायको चादर घेऊन गेली."

बघता बघता रांग लागली. मालक स्प्रोट धावत आला आणि यापुढे चादर बंद, असं त्याने जाहीर केलं.

"लोकरीचा बनियन घालू द्या मग," म्युरिएलने बजावलं. "खाली समुद्र आहे, फळ्यांतून गारठा येतो." चादर बेरिलच्या हातात कोंबून ती रांगेत जाऊन उभी राहिली.

"आता कशाला? आत कोण आहे ते माहितीये ना तुला?" बेरिल ओरडली.

"म्हणूनच चाललेय."

तिसऱ्या वळणावर विल्फ दोन्ही हात वर करून पुढे आला. म्युरिएलने पूर्ण मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि किंचाळायला तोंड उघडलं. पण आलं ते हसू. हसता हसता तिला उचकी लागली.

"अगं, हसू नकोस," विल्फ कळवळून कुजबुजला. "मागे गिऱ्हाईक आहे!"

ममीने कोनाड्यातून पाण्याचा पेला पुढे केला.