नांगराच्या मुळाशी पडलेली चीर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. खरे म्हणजे अर्धाच. माझा दांडा मालवणजवळच्या एका लॉजच्या फाटकाशी उभा आहे आणि माझे चारही बाहू कुणकेश्वरसमोर समुद्राच्या तळाशी रुतून पडले आहेत. मी तुटलो म्हणून एक माणूस बुडाला, आणि त्याचा दोष त्याच्या बायकोच्या माथी मारला गेला. तिचे नाव सुगंधा. त्या दोषाचे ओझे ती अजून वागवते आहे, म्हणून मला बोलायचे आहे.

माझा जन्म बाबू लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा आस होतो. बाबूने मला लाल होईपर्यंत तापवले, ठोकले, पुन्हा तापवले, पुन्हा ठोकले. तुम्हाला लोखंड म्हणजे एकसंध दगड वाटत असेल. तसे नसते. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कण असतात, रव्याच्या लाडवात रवा असतो तसे, एकमेकांना धरून बसलेले. घणाखाली ते बारीक झाले आणि घट्ट बिलगले. मग बाबूने मला गरम राखेत पुरून ठेवले. सावकाश निवलो, त्यामुळे माझ्या अंगात चिवटपणा आला. ओढ बसली तर मी वाकेन, पण मोडणार नाही, असा.

त्याच आसाच्या उरलेल्या तुकड्याचा बाबूने कोयता केला. त्याची धार मात्र लाल असतानाच पाण्यात बुडवली. लोखंड असे एकदम निवले की आतले कण सैल होऊन बसायला वेळच मिळत नाही. ते अवघडून ताठ होतात. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून बाबूने कोयता पुन्हा मंद आचेवर धरला आणि त्याचा ताठा उतरवला. लोखंड तेच, आग तीच, निवण्याची रीत तेवढी निराळी. एकाला कापायचे होते, दुसऱ्याला धरून ठेवायचे होते.

हे सारे सुगंधाचा नवरा मंगेश तांडेल शेजारी बसून पाहत होता. मला न्यायला आला होता तो. पण पाहिले त्याने अर्धेच. पाण्यात बुडताना कोयता चर्र करून ओरडला, ते त्याच्या मनात बसले. नंतरची मंद आच पाहायला तो थांबला नाही. त्याला चहा प्यायचा होता.

मंगेश माणूस भला होता. होडी दत्तप्रसादची, पण ती चालवायचा मंगेश, आणि माझी काळजीही तोच घ्यायचा. बंदराला आलो की माझ्यावरचा चिखल धुवायचा. "ह्यो आसा म्हणान मी झोपतंय," असे खलाशांना सांगायचा. कौतुक कुणाला नको असते? विजयदुर्गाच्या पाण्यात वारा फिरला तेव्हा मी होडी एका जागी धरून ठेवली होती, आणि खलाशांनी मला नमस्कार केला होता. त्या नमस्काराने मी फुगलो, हे कबूल करायला मला लाज नाही.

पुढे एकदा मी खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत, अडकलो. दोरी कापून मला सोडून द्यायचे तर जीव होईना, म्हणून इंजिन लावून मला ओढून काढले. निघालो, पण चारही बाहू दांड्याला मिळतात तिथे, मुळाशी, खिळखिळा झालो. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर होती, सगळ्यांना वेळच वेळ होता, तेव्हा कुणाला आठवण झाली नाही. आठवण झाली ती नारळी पौर्णिमेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! शेजारच्या होड्यांना पताका लागल्या होत्या आणि दत्तप्रसादला सगळ्यांच्या आधी समुद्रात उतरायचे होते. बाबू लोहार लेकीकडे आंबोलीला गेलेला. मग धक्क्यावरचा वेल्डिंगवाला बोलावला. त्याने बाहूंच्या मुळाशी टाके मारले आणि मी तिथे लालबुंद झालो.

"इतक्यात हात लावू नकात. राखेत पुरून ठेवा आणि सकाळी बघा," वेल्डिंगवाला वायरी गुंडाळताना म्हणाला.

"सकाळपर्यंत कोण थांबतलो?" दत्तप्रसाद म्हणाला. "मुहूर्त टळता."

आमच्या बंदरात होडीवर नवीन लोखंड चढले की नारळ फोडून त्याचे पाणी त्यावर धरतात. तो नारळ सुगंधाने आणला होता. ढिगातून निवडून, कानाशी हलवून, पाणी भरपूर आहे ना ते बघून आणला होता. मंगेशने तो दगडावर फोडला आणि पाणी माझ्या लाल मुळावर धरले. चर्र झाले, गोड वाफ उठली आणि सगळे खूश झाले. मंगेशला बाबूची भट्टी आठवली.

"कोयत्याक पाणी देतत, मगे नांगराक दिल्यार काय बिघडता?" असे म्हणत त्याने समुद्राच्या पाण्याने भरलेली कळशी माझ्यावर उपडी केली.

नारळाचे पाणी ओंजळभर. त्याने फारसे झाले नसते. खरा घाव त्या कळशीने घातला. ज्या चिवटपणासाठी बाबूने घाम गाळला होता, तो एका क्षणात गेला. मुळाशी मी कोयत्याच्या धारेसारखा कडक झालो, आणि ताठा उतरवणारी मंद आच कुणी दिली नाही. आत एक बारीक चीर गेली. आवाजही झाला, पण तेव्हा सगळे "हर हर महादेव" म्हणत होते. मग प्रसाद म्हणून खोबऱ्याची शेरणी वाटली. दत्तप्रसादने दोनदा मागून घेतली.

आठवड्याभरात कुणकेश्वरसमोर इंजिन बंद पडले आणि वारा होडीला खडपाकडे ढकलू लागला. मंगेशने मला पाण्यात सोडले. मी तळ धरला. दोरी ताणली, होडी थांबली, खलाशी हसले सुद्धा. मग एक मोठी लाट आली. पूर्वीचा मी असतो तर वाकलो असतो. मला आता वाकताच येत नव्हते. मी कटकन मोडलो. होडी खडपावर आपटली. खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. मंगेश सगळ्यांना उतरवून शेवटी उडी मारणार होता. तो राहिला.

दोरीबरोबर माझा दांडा वर आला. मोडलेल्या तोंडावर सगळे लिहिल्यासारखे स्पष्ट होते. कडेला जुन्या चिरेचा तांबूस गंज, आत ताजे चमकणारे दाणे. दत्तप्रसादने ओझरते पाहिले आणि "गंजान खाल्लो" म्हणून मला कोपऱ्यात टाकले. पण गावाला एवढ्याने समाधान कुठले? कुणीतरी म्हणाले, "नारळ नासको होतो, म्हणान दर्या कोपलो." झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेरणी खाऊन बोटे चाटलेल्यांना सुद्धा मग खोबऱ्याला वास होता असे आठवू लागले.

"नारळ मीच निवडून आणललो," एवढेच सुगंधा म्हणाली. ती स्वतःची बाजू मांडत होती. लोकांनी तो कबुलीजबाब धरला. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला तिला किनाऱ्यावर कुणी बोलावले नाही.

दत्तप्रसादने होडी सोडून लॉज काढला. मला चंदेरी रंग दिला. मोडलेल्या तोंडाला सिमेंटचे चार बाहू चिकटवले, कारण त्याशिवाय मी पाहुण्यांना नांगर वाटत नव्हतो. लोक मला टेकून फोटो काढतात. ज्या तोंडावर खरे काय ते दिसत होते, ते सिमेंटखाली गेले. मला त्याची चीड येते, फार चीड येते, आणि मी काही करू शकत नाही.

सुगंधा त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथली खिडकी माझ्या समोर आहे. नारळ फोडला की ती आधी खोबरे नाकाशी धरते. मग बरोबरच्या बाईपुढे करते. "बघ गो, वास येता?" बाई नाही म्हणते. सुगंधा पुन्हा नाकाशी धरते.

मित्रांनो, तापलेल्या लोखंडाला निवायला वेळ द्या. ज्याच्यावर जीव टांगायचा, त्याला घाईत देवाच्या नावानेही पाणी घालू नका. आणि काही मोडले तर माणूस शोधण्याआधी मोडलेले तोंड नीट पाहा. मला बोलता येते ते तुमच्यापुढेच, तिच्यापुढे नाही. म्हणून इकडे आलात, तर माझ्यासोबत फोटो काढू नका. मागच्या दाराने स्वयंपाकघरात जा आणि सुगंधाला सांगा, नारळ चांगला होता.