धूर हाय तवर च्या न्हाई

परभणीच्या डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई, बिडी किती वर्षांपासून ओढता?"

सगुणाबाईला मेल्याहून मेल्यागत झालं. उभ्या जन्मात तिनं बिडीला बोट लावलं नव्हतं. पण जिंतुरातल्या रमी क्लबात ती अकरा वर्षं चहा वाटत होती. एसीची हवा जाऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद, आणि टेबलाटेबलावर सिगारेटी.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लबचा मालक भुजंगशेठ याला गाठलं.

"शेठ, समद्यास्नी गच्चीवर जाऊन वढायला सांगा. माझी छाती खराब व्हायलीय."

भुजंगशेठ हसला. "मावशी, पत्त्यासंगं सिगारेट आलीच. सिगारेटबंदीचा कायदा खालच्या हाटेलाला. इथं बाहेरचं कोण येतंय? समदे मेंबर हायेत."

"मी कुठं मेंबर हाये?"

शेठ मोबाईलवर बोलायला लागला.

मग सगुणाबाईनं टेबलांवरचे ॲश ट्रे गोळा केले आणि गच्चीवर नेऊन ठेवले. दुपारी डाव रंगला तशी आरडाओरड सुरू झाली. सगळ्यांत जुने मेंबर भगवानराव तर राख फरशीवरच झटकायला लागले. सगुणाबाई चहाची किटली घेऊन दारात उभी राहिली.

"धूर हाय तवर च्या न्हाई. अन् राख सांडली त्यानंच झाडायची."

"लय माजलीस!" भुजंगशेठ धावून आला. "उद्यापासून येऊ नकोस!"

"येणार. काढायचं आसंल तर लिहून द्या. तुमच्या धुरानं आजारी पडली म्हणून काढली, आसं लिहा. खाली सही करा."

शेठनं खिशातला पेन चाचपला, बाहेर मात्र काढला नाही.

मग सूर्यभान ड्रायव्हरनं पत्ते पालथे ठेवले. "माझी माय चुलीच्या धुरानंच गेली," एवढंच म्हणाला आणि सिगारेट घेऊन गच्चीवर गेला. त्याच्यामागं दोघं गेले, मग आणखी एक. भगवानराव हट्टानं बसून राहिले. हातात पानं झकास लागली होती, पण एकट्यानं रमी खेळता येते होय? शेवटी पुटपुटत तेही उठले.

सगुणाबाईनं खिडकीची कडी ओढली. गंजलेली होती, दोन्ही हातांनी ओढल्यावर निघाली.

पुढं महिन्याभरात भुजंगशेठनं गच्चीवर पत्र्याचं शेड टाकलं. ही कल्पना आपलीच, असं तो आल्यागेल्याला सांगतो. सगुणाबाई ते खोडून काढत नाही. खोकला पुरता गेलेला नाही, जाणारही नाही म्हणे. पण कुणी आत काडी ओढलीच, तर ती किटली खाली ठेवते आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. माणूस आपणहून उठतो.