बरगड्यांचं माप

मित्रांनो, मी शिलाईकामाची एक जुनी टेप आहे. साठ इंच लांब, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. उषाबाई अमळनेरहून सुरतेला आल्या, तेव्हा शिलाई मशीनबरोबर त्यांनी मला घेतले. कोसाडच्या कॉलनीत वीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात मिरवले. "उषाताईंचं ब्लाउज कधी चुकत नाही," असे बायका म्हणत, तेव्हा मला ती माझीच स्तुती वाटे.

मग एका उन्हाळ्यात मला संशय येऊ लागला. उषाबाईंची सतरा वर्षांची मुलगी चंचल रोज सकाळी मला गुपचूप उचलायची, मोरीत जाऊन कडी लावायची आणि बरगड्यांच्या खालच्या टोकाशी गुंडाळायची. सव्वीस. क्षणात अठ्ठावीस. पुन्हा सव्वीस. असे अंग मी कधी मापले नव्हते. पोरगी काहीतरी लपवते आहे, हे मी ताडले.

थोड्याच दिवसांत तिने आईला ड्रेस बाजूंनी सैल करून मागितला. उषाबाईंच्या मनात नको ते आले. त्या तिच्या ताटाकडे पाहत, चालण्याकडे पाहत. विचारत मात्र नसत. एक दिवस त्यांनी तिचा गाण्याचा क्लासच बंद केला. भेस्तानच्या प्रभावती मॅडम तिथे ऑपेरा शिकवत. ऑपेरा म्हणजे माइकशिवाय अख्ख्या हॉलला ऐकू जाणारे परदेशी गाणे. आठ दिवसांवर कार्यक्रम होता आणि चंचल प्रथमच एकटी गाणार होती.

त्या दिवशी उषाबाईंनी तिला मोरीच्या दारातच अडवले. "पोरी, खरं सांग. काय व्हयनं तुले?"

आईची शंका चंचलच्या ध्यानात आली. तिचा चेहरा उतरला. तिने मला आईच्या हातात ठेवले. "तूच माप घे, मम्मी."

तिने श्वास घेतला. खांदे जागचे हलले नाहीत, पण बरगड्या बाजूंनी, पाठीतून उघडल्या. अठ्ठावीस! मग तिने एकच सूर लावला. सूर लांबत गेला, तरी मी एकदम सैल पडले नाही. केसाकेसाने सरकत राहिले. उषाबाई वाकून माझ्यावरचे आकडे वाचू लागल्या.

"सूर लांब टिकवायचा तर बरगड्या पटकन मिटू द्यायच्या नाहीत, म्हणून मोजते," चंचल म्हणाली.

"मग लपवलंस कशाला?"

"तू म्हणाली असतीस, तीन महिने नुसता श्वासच शिकवते का ती बाई! आणि तू तरी कुठे विचारलंस? नुसता शक घेत राहिलीस."

उषाबाई त्याच दुपारी भेस्तानला जाऊन मॅडमची माफी मागून आल्या.

कार्यक्रमाला त्या मला गळ्यात घेऊनच बसल्या होत्या. काढायचे भानच राहिले नव्हते. चंचलचा सूर मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला. गाणे संपले तेव्हा शेजारी बसलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, सोडा आता श्वास."

आता मी ताणली जाऊन अर्धा इंच वाढले आहे, म्हणून खिळ्याला लटकते. मित्रांनो, टेप ओढू नका, उन्हात टाकू नका. आणि घरातल्या माणसाचा संशय आला, तर जवळ बसून आधी विचारा. मी त्या पोरीचे अंग रोज मोजत होते, तिचे मन मात्र मला इंचभरही कळले नव्हते.