समोरच्या घरातला मोठा स्क्रीन

कुसुमताई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, तरी मुलांनी त्यांना सोडलं नाही, की त्यांनी मुलांना, हे सांगणं अवघड. शाळा सुटली की रहाटणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत इमारतीतली चार-पाच पोरं येऊन सतरंजीवर बसायची. फी नाही, फळा नाही. शिस्त मात्र एक होती. जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. मग तो बिस्किटाचा पुडा असो, नाहीतर बसची पाटी.

"मनात वाचलेलं मला ऐकू येत नाही," असं त्या म्हणायच्या. पोरं मग गळ्याच्या शिरा ताणून वाचायची.

आणि आता तीच पोरं समोरच्या दारात चपला काढत होती.

समोर विजयश्री राहायची. तिशीची, कुठल्याशा कंपनीचं काम घरून करणारी. शाळेनं या वर्षी सगळा अभ्यास एका अ‍ॅपवर टाकला होता आणि ते अ‍ॅप फोनवरच चालायचं. पण इमारतीतले फोन सकाळीच बापांच्या खिशातून चाकण-महाळुंग्याच्या कारखान्यांत निघून जायचे. परत यायचे तोवर मुलं पेंगुळलेली असायची. विजयश्रीनं आपल्या कॉम्प्युटरवर कसलासा प्रोग्रॅम टाकला आणि फोनचं ते अ‍ॅप मोठ्या स्क्रीनवर आणून ठेवलं. झालं! सतरंजी ओस पडली.

बाकीची गेली ते कुसुमताईंनी सोसलं. उझ्मा गेली ते मात्र सोसवेना. शफी आणि नूरबीची ही तिसरीतली पोर. तिला पहिलं अक्षर त्यांनी हात धरून गिरवायला लावलं होतं.

एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"काय गं विजयश्री, सिनेमा लावतेस का पोरांना?"

"नाही हो बाई, अभ्यासच. एका फोनवर चौघं वाकली की डोकी आपटतात. मधेच कुणाचा तरी कॉल येतो आणि लिहिलेलं सगळं जातं. इथं कसं, सगळ्यांना एकदम दिसतं. कीबोर्डवर लिहायलाही शिकतायत."

"चार्जिंगचीही कटकट नसेल."

"तेच ना!"

"आमच्या पाटीलाही नव्हती."

विजयश्री हसली. "येऊन बघा की एकदा."

"मला कुठला वेळ!" असं म्हणून कुसुमताई घरात गेल्या आणि काहीच न करता बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून हसण्याचा आवाज आला. त्यात उझ्माचं हसू वेगळं ओळखू येत होतं. कुसुमताईंनी फोन उचलला आणि शफीला लिहिलं, 'शफी, उझ्माला समोर पाठवू नकोस. ती शिकवत नाही, नुसतं दाखवते. एवढ्या मोठ्या उजेडापुढे पोरीचे डोळे जातील.'

डोळे जातात असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुठे वाचलंही नव्हतं. लिहिताना आपोआप सुचलं आणि त्यांनी ते पाठवून दिलं.

एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. शाळेचे निरोप शफीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायचे. ते उझ्माला वेळेवर मिळावेत म्हणून शफीनंच आपलं व्हॉट्सअ‍ॅप विजयश्रीच्या कॉम्प्युटरवर जोडून दिलं होतं.

मिनिटभरानं समोरच्या उघड्या दारातून उझ्माचा खणखणीत आवाज आला. स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत ती काहीतरी वाचत होती. किती सुंदर वाचते पोर, हेच कुसुमताईंच्या मनात आधी आलं. मग शब्द कानात शिरले.

"...शिकवत नाही, नुसतं दाखवते."

कुसुमताई अनवाणीच समोर धावल्या. स्क्रीनवर त्यांचं नाव, खाली त्यांचा निरोप, आणि अक्षरं अशी ठसठशीत की दारातूनही चष्म्याशिवाय दिसत होती.

"बाई," उझ्मानं विचारलं, "डोळे खरंच जातात?"

त्या उत्तर देणार, एवढ्यात स्क्रीनवर आणखी एक ओळ उमटली. शफीची चहाची सुट्टी असावी. 'बाई, तुम्ही म्हणता तर उद्यापासून नाही पाठवणार.'

हे उझ्मानं वाचलं नाही. तिनं पेन्सिल कंपासमध्ये ठेवली, कंपास दप्तरात, आणि निमूट उठून कुसुमताईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. कुसुमताईंना जे हवं होतं ते मिळालं होतं. पण पोरीनं मान वर केली नाही.

विजयश्रीचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हाला काय वाटतं बाई, मला मजा येते? रोज ऐकते मी पोरांकडून, बाई असं सांगतात, बाई तसं सांगतात. कॉम्प्युटर माझा, वीज माझी आणि नाव तुमचं!"

एवढ्या लाजेतही हे ऐकून कुसुमताईंच्या जिवाला गारवा वाटला. त्याचीही त्यांना लाज वाटली.

"उझ्मा, बस जाऊन तिथं," त्या म्हणाल्या. "डोळेबिळे काही जात नाहीत."

"पण अब्बू..."

"अब्बूशी मी बोलते."

कामाच्या जागी चहाची सुट्टी सोडली तर शफीचा फोन लॉकरमध्ये असायचा, आणि आता ही गोष्ट लिहून निस्तरायची त्यांना इच्छाही नव्हती. संध्याकाळी त्या कंपनीची बस थांबते त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शफी उतरला तो घाबरलाच.

"बाई, तुम्ही इथं? उझ्मा बरी आहे ना?"

"बरी आहे. तिचे डोळेही बरे आहेत. मी खोटं लिहिलं."

"खोटं? तुम्ही?"

"जळले रे मी. त्या विजयश्रीच्या कॉम्प्युटरवर जळले."

शफी डबा या हातातून त्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "आमच्या लाइनवर रोबो आणला ना बाई, तेव्हा मी महिनाभर त्याच्याकडे बघितलं नव्हतं."

"आणि आता?"

"अजून बघत नाही."

दोघंही हसली. घराकडे चालता चालता कुसुमताईंनी विचारलं, "मग पाठवशील ना तिला विजयश्रीकडे?"

"पाठवतो. आणि तुमच्याकडे?"

"ते तिचं तिला ठरवू दे," त्या म्हणाल्या खऱ्या. पण जिना चढताना त्या शफीच्या एक पाऊल पुढे झाल्या. उझ्माला आधी आपणच विचारावं, असं त्यांना वाटत होतं.