इंजिनवाले आणि बिनइंजिनवाले

यामिनीच्या गल्लीत प्रत्येक घराला दोन तोंडं होती. एक रस्त्याकडे, मोटारीसाठी. दुसरं धावपट्टीकडे, विमानासाठी. आयर्लंडमध्ये, लिमरिक शहरापासून अर्ध्या तासावर, कुरणांच्या मधोमध कुणा हौशी माणसाने ही वसाहत वसवली होती. गवताची लांबलचक धावपट्टी, तिच्या कडेने डझनभर घरं, आणि परसात गाय बांधावी तसं प्रत्येकाच्या परसात एकेक विमान.

यामिनी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. कोरोनाचं सगळं वर्ष तिने आयसीयूत, मास्कआड घालवलं होतं. तिच्याकडे होतं ग्लायडर: दोन सीटचं, पांढरंशुभ्र, लांब पंखांचं आणि बिनइंजिनाचं. रविवारी क्लबचं विमान येई, दोरीने ग्लायडर वर ओढून नेई आणि सोडून देई. मग वाऱ्याच्या जिवावर घारीसारखं तरंगायचं आणि उतरायचं. तिचा नवरा सारंग कॉर्क शहरातल्या एका कंपनीचं काम घरून करायचा आणि या भानगडीपासून चार हात लांब राहायचा. सासूबाई, प्रभाताई, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून नागपूरहून आल्या होत्या, त्या इथेच अडकल्या. लाल विमान कुणाचं, निळं कुणाचं, कोण कधी उडतं, हे त्यांना खिडकीत बसून बसून पाठ झालं होतं.

एकवीसचा जून उजाडला, बंधनं सैल झाली, आणि दावं सोडलेल्या वासरांसारखी सगळी वसाहत आभाळात उधळली. घोटाळा व्हायचा तो तेव्हाच झाला.

त्या रविवारी यामिनी तासभर उडून खाली येत होती. ग्लायडर उतरताना लांबून येत नाही. धावपट्टीच्या जवळूनच वळतं आणि झपकन खाली येतं. ती नदीच्या बाजूने वळली, नाक धावपट्टीवर धरलं, आणि पाहते तर समोर डोनल हिकीचं लाल विमान डुलत डुलत थेट पट्टीच्या मधोमध येऊन उभं राहिलेलं. उड्डाणाच्या तयारीत!

पुन्हा वर जाऊन फेरी मारायची सोय इंजिनवाल्यांना. यामिनीने पंखांवरचे ब्रेक मिटवले, ग्लायडर लांबवलं, लाल विमानाच्या डोक्यावरून सुईसारखं काढलं आणि पुढच्या गवतात टेकवलं. कुंपणाची झुडपं समोर दिसायला लागली तेव्हा कुठे ते थांबलं.

डोनल धावतच आला. गुरांचा निवृत्त डॉक्टर, सत्तरीचा, टोमॅटोसारखा लालबुंद झालेला.

"आलीस कुठून तू? मी चांगलं बघितलं होतं!"

"कुठे बघितलं? माझ्याकडे सोडून सगळीकडे?"

"रेडिओवर बोलायला काय झालं होतं?"

वळताना वारा आडवा लागला होता, ती दोन्ही हातांनी गुंतली होती, आणि बोलायचं राहून गेलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मी उतरत होते! उतरणाऱ्याला वाट द्यायची असते. मला इंजिन नाही!"

"तो माझा दोष आहे का? बुधवारी मीटिंग आहे रहिवाशांची. ही ग्लायडरं इथून बंद करा, असं मी मांडणार आहे. बस्स." असं म्हणून डोनल चालता झाला.

घरी तिची मुलगी सानिका दारातच उभी होती. "मॅम, दॅट वॉज मॅड!" ती म्हणाली; इथल्या पोरांसारखी तीही आईला मॅमच म्हणे. बारा वर्षांच्या मुलीच्या आवाजात भीती कमी आणि कौतुकच जास्त होतं.

प्रभाताईंचा सूर वेगळा होता. "मी पाह्यलं न सारं. तुले काही झालं असतं त? अन् त्या म्हाताऱ्याले झालं असतं त? भांडून काहून रायली होती वो त्याच्याशी?"

"आई, चूक त्याची होती."

"सारी त्याचीच?"

यामिनीने चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. ऑपरेशन थिएटरात असं काही होता होता राहिलं, की ते कुणामुळे झालं असं कुणी विचारत नसे. कसं झालं, ते सगळे मिळून शोधत. तिथे ती स्वतः नवशिक्या डॉक्टरांना हेच शिकवायची. आणि इथे मात्र कुरणात उभी राहून नळावरच्यासारखी भांडली होती.

संध्याकाळी ती डोनलच्या हँगरपाशी गेली. तो विमानाचं नाक पुसत होता.

"मी रेडिओवर बोलले नव्हते," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

डोनलचं फडकं थांबलं. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसासमोर कुणी भांडायलाच तयार नसलं, की त्याची जशी पंचाईत होते तशी त्याची झाली.

"आणि मला एक कळत नाहीये," यामिनी पुढे म्हणाली. "तुमच्या समोरून एवढं मोठं ग्लायडर आलं, ते तुम्हाला दिसलं कसं नाही? भांडायला नाही विचारत, खरंच विचारतेय. मला तुमच्या विमानात बसवाल?"

डोनलने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये, बस," तो म्हणाला.

विमान एकामागे एक सीटचं, जुन्या पद्धतीचं, शेपटीकडे छोटं चाक असलेलं. जमिनीवर उभं असताना त्याचं नाक आकाशाकडे. मागच्या सीटवर बसल्याबरोबर यामिनीच्या लक्षात आलं, समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही! पुढे बसणाऱ्यालाही जेमतेमच. म्हणूनच डोनल नागमोडी चालवत पट्टीकडे जायचा. आजवर तिला वाटे, म्हातारा डुलतोय. उड्डाण केल्यावर तर नाकाखाली सगळा अंधारच. उतरायच्या वेळी वरच्या फेरीतून डोनल ओरडून म्हणाला, "तिकडे बघ, आम्ही तिथून येतो, लांबून, टेकडीकडून. मी तिथेच बघतो कोण येतंय का. नदीकडे कोण बघतो?"

"आणि आम्ही नदीकडूनच येतो," यामिनी म्हणाली. "तेही पांढऱ्या ढगासमोरून, पांढऱ्या पंखांनी."

"तेच तर!"

उतरल्यावर ती म्हणाली, "आता तुमची पाळी."

"मी? त्या पतंगात?" डोनलने कपाळाला हात लावला. पण पायलटला उडायला बोलवायचं आणि त्याने नाही म्हणायचं, असं जगात होत नाही. मंगळवारी उघडीप होती. यामिनीने क्लबचं विमान खास बोलावून घेतलं.

डोनल पुढच्या सीटवर, यामिनी मागे. वर गेल्यावर दोरी सुटली आणि इंजिनाचा आवाज दूर गेला. मागे उरली फक्त वाऱ्याची सळसळ. डोनल म्हणाला, "खाली कुत्रा भुंकतोय. मला इथे ऐकू येतोय." पन्नास वर्षं उडणारा माणूस लहान मुलासारखा खाली वाकून वाकून बघत होता.

पण हवाच ती. परतताना नदीवर खाली खेचणारा वारा लागला आणि ग्लायडर भराभर उतरू लागलं. डोनलच्या डाव्या हाताने आपसूक समोरचा दांडा पकडला आणि पुढे रेटला.

"काही होत नाहीये!"

"तो इंजिनाचा नाही, ब्रेकचा आहे," यामिनी शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "फक्त मागे ओढू नका, अजून खाली जाऊ."

त्याने विस्तवाला हात लागल्यासारखा हात काढून घेतला. यामिनीने नाक थोडं खाली दाबून वेग वाढवला, त्या वाऱ्यातून बाहेर पडली आणि धावपट्टीकडे वळली. उंची पुरेशी होती, पण वाया घालवण्याइतकी नव्हती. तिने रेडिओचं बटण दाबायला बोट उचललं, तेवढ्यात पट्टीच्या तोंडाशी निळं विमान हललं. ते विद्या आणि हरीश या दोघांचं, नुकत्याच राहायला आलेल्या जोडप्याचं.

यामिनीच्या आधी डोनलनेच पुढचं बटण दाबलं होतं.

"निळं विमान, जागचं हलू नकोस! आम्ही उतरतोय! नदीकडून! आम्हाला इंजिन नाहीये!"

निळं विमान जागच्या जागी थिजलं. हरीशचा घाबरलेला आवाज आला, "थांबलोय, थांबलोय." ग्लायडर अलगद गवतावर टेकलं, घरंगळत गेलं आणि थांबलं. डोनलने टोपी काढून घाम पुसला. मागून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"काय झालं?"

"तुम्ही 'आम्हाला' म्हणालात," यामिनी म्हणाली.

बुधवारी मीटिंग डोनलच्याच हँगरमध्ये भरली, दारं सताड उघडी आणि खुर्च्या लांब लांब. सगळ्यांना वाटत होतं ग्लायडर बंद होणार. डोनल उठला आणि म्हणाला, "मी काल देवाच्या दारात जाऊन आलो. तिथे आक्सिलरेटर नसतो." हशा ओसरल्यावर त्याने आणि यामिनीने मिळून ठरवलेलं सांगितलं. ग्लायडर नदीकडून येणार, विमानं टेकडीकडून, दोघांनी एकमेकांच्या बाजूला फिरकायचं नाही. पट्टीवर चढण्याआधी विमान सबंध गोल फिरवून चहूकडे बघायचं. सगळ्यांचा रेडिओ एकाच लहरीवर, आणि बोलल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, यामिनीनेसुद्धा नाही. ओढायची दोरी गवतावर पसरलेली असेल तोवर ओढणाऱ्या विमानाशिवाय कुणी इंजिन सुरू करायचं नाही.

एका घराने विरोधात हात वर केला. रविवार सकाळचं उडणंच बंद करा, असं त्यांचं म्हणणं होतं, ते राहिलंच. बाकीच्यांनी मान्य केलं. ग्लायडरच्या नाकाला आणि पंखांना भडक नारिंगी पट्टे लागले. सानिकाने ते रंगवले आणि प्रभाताईंनी "वाकडा झाला न हा" म्हणत दोनदा पुसायला लावले.

सप्टेंबरात क्लबच्या विमानाचं काम निघालं. तेव्हा डोनलने आपल्या लाल विमानाला दोरीचा आकडा बसवून घेतला, परवानगी काढली, आणि एका वाऱ्याच्या सकाळी यामिनीला ओढत वर नेलं. टेकडीच्या वर पोचल्यावर तिने दोरी सोडली. लाल विमान डावीकडे वळून खाली गेलं, पांढरं-नारिंगी ग्लायडर उजवीकडे वळून वर. थोड्या वेळाने रेडिओवर डोनलचा आवाज आला. सगळं ठीक ना, हे इथली माणसं एकाच शब्दात विचारतात.

"ग्रँड?"

पंखाखाली वाऱ्याचा एक दांडगा झोत येऊन लागला होता. यामिनीने ग्लायडर त्याच्यात गोल वळवलं.

"ग्रँड," ती म्हणाली, आणि वर वर जात राहिली.