उतारावरच्या खुर्च्या

मुलांनो, डोळ्यांसमोर एक उतार आणा. निलंग्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागाच्या दारापर्यंत चढत जाणारा सिमेंटचा उतार. शेजारी पायऱ्या आहेत, पण उतार स्ट्रेचरसाठी. आता त्या उतारावर, पत्र्याच्या सावलीत, लाल खुर्च्या मांडा. उतारामुळे त्या पुढे कलतील, म्हणून पुढच्या पायांखाली विटा लावा. एक टेबल ठेवा, त्यावर शाली, नारळ, माइक. मांडलं सगळं? मग आता सांगा, स्ट्रेचर कुठून जाईल?

पाचवीतल्या सुकन्यालाही हाच प्रश्न पडला होता.

गेल्या महिन्यात तिचे आज्जा, शरणप्पा, छाती धरून अंगणात कोसळले होते. याच उतारावरून त्यांचं स्ट्रेचर पळत आत गेलं. डॉक्टरांनी आणि बुद्धप्रिया सिस्टरनी त्यांना वाचवलं. म्हणून आज गाव सत्काराला आलं होतं. पुढाकार मन्मथकाकांचा. त्या दिवशी ‘आम्हाला आत का घेत न्हाईत?’ म्हणत दारावर लाथा घालणारेही तेच.

सिस्टरनी आतूनच निरोप पाठवला होता : पेशंट आहेत, येता येणार नाही. खुर्च्या तेवढ्या काढा.

“शाल घेऊन दारात आलो तरी यांचा तोरा बघा,” मन्मथकाका म्हणाले. “पाच मिनिटं भाईर यायला काय पाय झिजतेत?”

“काका, खुर्च्या काढायला सांगितल्यात त्यांनी,” सुकन्या म्हणाली.

“तू तुझं भाषण पाठ कर. ही जागा का धरली, ठावं हाय का? फोटूत मागं पाटी येती, तातडीचा विभाग! लई झाक दिसतं.”

आज्जा मधल्या खुर्चीवर नवा फेटा बांधून बसले होते. फेटा कानावर उतरत होता आणि ते तो सारखा वर ढकलत होते.

तेवढ्यात फाटकातून एक टेम्पो हॉर्न वाजवत आत आला. मागे भामाबाई नावाची म्हातारी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“सरका रं बाबांनो! माझ्या पुनमला पान लागलंय!”

पान लागणं म्हणजे साप चावणं. आपल्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. पुनम सोयाबीनमध्ये खुरपत होती. आता तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. ती त्या उघडू बघत होती, पण उघडत नव्हत्या.

आतून अश्वजित वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि वरच अडकला.

“पायऱ्यांनी घ्या की,” मन्मथकाका म्हणाले. “चौघं मिळून उचला.”

“असं हिंदकळत न्यायचं नसतं हो! झोपवून, न हलवता न्यावं लागतं. खुर्च्या काढा!”

लोक एकमेकांकडे बघत राहिले. खुर्ची कुणी आधी सोडायची? सुकन्याने टेबलावरचा माइक उचलला.

“आज्जा, ऊठ.”

सगळ्या आवारात आवाज घुमला.

“आगं ए! मोठ्यांना असं बोलतेत व्हय?” कुणीतरी ओरडलं.

“तुला नेलं तवा इथं एक बी खुर्ची नव्हती, आज्जा. असती तर आज हा फेटा कुणाला बांधला असता?”

मन्मथकाका तिच्या अंगावर धावून आले. “दे तो माइक!”

“न्हाई देत. आधी खुर्च्या.”

माइक तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

शरणप्पांनी नातीकडे पाहिलं. मग ते उठले. त्यांच्या खुर्चीखालची वीट निसटली, खुर्ची आडवी झाली. “बघता काय रे? उचला!” ते गरजले. मग भराभर हात लागले. टेबल ओढताना नारळ घरंगळत खाली गेले, आणि त्यांच्यामधून वाट काढत स्ट्रेचर खाली आलं, पुनमला घेऊन वर गेलं. दारात बुद्धप्रिया सिस्टरनी ते धरलं. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. दार बंद झालं.

मन्मथकाकांनी नारळ पुसला. “चला, आतच शाल घालू. एक फोटू काढायला कितीसा येळ लागतो?”

सुकन्या दारासमोर हात पसरून उभी राहिली.

“आत न्हाई जायचं.”

“आगं, आपण कौतुकच करायलोत की!”

“त्यांनी खुर्च्या काढायला सांगितल्या होत्या. तेवढं तरी आपण ऐकलं का?”

आज्जा फेटा काढून तिच्याजवळ पायरीवर बसले. भामाबाई भिंतीला टेकून हात जोडून होती.

बऱ्याच वेळाने बुद्धप्रिया सिस्टर बाहेर आल्या. कपाळावर केस चिकटले होते.

“आजी, औषध चढवलंय. श्वास चालू आहे, पण लातूरला हलवावं लागेल. डॉक्टर सोबत जातायत.” मग त्या आवाराकडे वळल्या. “अ‍ॅम्ब्युलन्स इकडे यायला निघालीय. फाटक मोकळं करा.”

टेम्पो कसाबसा घुसला होता तेवढीच वाट होती. दोन्ही बाजूंना गावच्या मोटारसायकली. सगळ्यांत पुढे, पार वाटेत सरकवलेली, मन्मथकाकांची.

सुकन्याने हात पुढे केला. “काका, चावी.”

“माझी गाडी कुठं आडवी येती?”

लांबून सायरन ऐकू येऊ लागला. सुकन्याने दुसऱ्यांदा मागितलं नाही. ती उतारावरून धावत फाटकाशी गेली, त्या गाडीला खांदा लावला आणि ढकलू लागली.