सिमेंटच्या पाणबुडीतला पेरिस्कोप

तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, मी पेरिस्कोप आहे. पाणबुडी पाण्याखाली असताना वरचं जग बघायला जी लांब नळी लागते, ती मी. माझं वय झालं आहे, पोटातली भिंगं फुटली आहेत आणि तुम्हा बघ्यांवर माझा राग आहे. तो मी लपवणार नाही. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर बाहेर मिसळीची गाडी आहे, तिकडं जा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. थंडीनं बोटं बधिर झालेल्या कारागिरांनी माझ्या पोटात एकेक भिंग बसवलं. मग मी आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीत आलो. कप्तान माझ्या काचेला डोळा लावायचा आणि लाटांवरचं सगळं मी त्याला दाखवायचो. माझी नळी पुसायचं आणि तिला ग्रीस लावायचं काम हंबीरराव नावाच्या एका जवान नौसैनिकाकडं होतं. तो मलकापूरकडचा. हात स्वच्छ केल्याशिवाय त्यानं मला कधी हात लावला नाही. काम करताना तो शिट्टी वाजवायचा. त्याचा जोडीदार सयाजी गडहिंग्लजचा. तो त्या शिट्टीची नक्कल करायचा आणि दोघं हसत सुटायचे.

मग लढाई लागली. एके दिवशी शत्रूचं जहाज आमच्या डोक्यावर आलं आणि पाण्यात बॉम्ब टाकू लागलं. आमची पाणबुडी समुद्राच्या तळाला जाऊन बसली. दिवे गेले. मला खाली ओढून घेतलं होतं, त्यामुळं वरचं बघायला मीही आंधळा. कप्तानाचा एकच हुकूम होता, "आवाज बंद." साधा चमचा पडला तरी वरच्यांना ऐकू जाईल, अशी ती वेळ. हवा कमी होत चालली. आणि त्या अंधारात सयाजी किंचाळायला लागला.

हंबीररावानं त्याला माझ्या पायाशी आडवा पाडला आणि त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. सयाजी त्या हाताला कडकडून चावला. रक्त आलं. हात निघाला नाही. वरचं जहाज निघून जाईपर्यंत तो निघाला नाही.

आम्ही सगळे जगलो. सयाजीही जगला, पण त्याचं मन त्या अंधारातून बाहेर आलं नाही. त्याला घरी पाठवलं. हंबीरराव पुढंही मला पुसत राहिला. शिट्टी मात्र मी पुन्हा ऐकली नाही.

पुढं पाणबुडी म्हातारी झाली आणि भंगारात गेली. मला मधोमध कापलं. माझा खालचा, काच आणि मुठी असलेला अर्धा भाग कोल्हापूरच्या राजवर्धननं विकत घेतला. राधानगरी रस्त्याला त्याचं रिसॉर्ट आहे. तिथं त्यानं सिमेंटची पाणबुडी उभी केली. समुद्र कुठल्या कुठं, आणि ही बया उसाच्या रानात! तिच्या छताला भोक पाडून त्यानं मला त्यात उभं केलं आणि सोनेरी रंग फासला. आत तांबडे दिवे लावले. बॉम्बचा आवाज सोडायला भोंगे आणि धूर सोडायचं यंत्र बसवलं. पुढचं दार विजेवर सरकणारं होतं. मागच्या दारातून फुकटे आत शिरतात म्हणून त्याला बाहेरून भलंमोठं कुलूप ठोकलं.

मग तुम्ही आलात. माझ्या काचेला च्युइंगम चिकटवलंत. किल्लीनं माझ्या अंगावर प्रेयसीची नावं कोरलीत. एका बापानं तर फोटोसाठी आपलं तान्हं पोर माझ्या मुठीवर बसवलं. हे सगळं मी सोसलं. पण बॉम्बचा आवाज झाला की तुम्ही खिदळायचात ना, ते मला सोसवत नव्हतं.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी गर्दीतून एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. त्यानं आधी आपले हात रुमालाला पुसले आणि मग मला हात लावला. तेव्हा ओळखलं.

राजवर्धन आतच होता. तो ओरडला, "ओ पावणं! फोटो काढा आन् फुडं व्हा. गर्दी करू नका."

"मी काम केलंय ह्याच्यावर," हंबीरराव म्हणाला.

"समद्यांनीच केलंय! काल एक आलता, त्यो म्हणं कप्तान हुता."

लोक हसले. हंबीररावाबरोबर त्याची मुलगी वर्षाराणी होती. ती एसटीत कंडक्टर आहे. सुट्टीच्या दिवशी बापाला इथं आणावं लागलं, याचा वैताग तिच्या तोंडावर दिसत होता.

"झालं न्हवं बघून? चला आबा."

"थांब की जरा." म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

ते बघून ती भडकली. "ह्या लोखंडासाठी डोळं भरत्यात व्हय? माझा हात मोडला, मी रडाय लागले, तवा काय म्हणालासा? आवाज बंद. आई गेली. तिला उचलायच्या आधी आमच्यावर काय वराडलासा? आवाज बंद! घर न्हवतं ते आमचं. तुमची पाणबुडीच हुती."

हंबीररावानं माझी मूठ घट्ट धरली. घरी तो तसं का ओरडायचा, हे मला ठाऊक होतं. पण मला देवानं डोळा दिला, तोंड नाही दिलं.

तेवढ्यात खेळ सुरू झाला. भोंगे गरजले, पांढरा धूर सुटला, पोरं टाळ्या पिटू लागली. मग छतात ठिणगी उडाली आणि पांढऱ्या धुरात काळा धूर मिसळला. प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. दिवे गेले. भोंगे गप्प झाले. विजेवरचं दार जिथल्या तिथं अडकून बसलं.

सगळे दाराकडं धावले. एकमेकांना तुडवू लागले. त्या कालव्यात एक बाई जीव खाऊन किंचाळली, आणि हंबीरराव माझ्या पायाशी मटकन खाली बसला. त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. वर्षाराणीनं त्याला हलवलं, हाका मारल्या. तो तिथं नव्हताच. तो समुद्राच्या तळाला होता.

मग ती उभी राहिली आणि गरजली, "आवाज बंद!"

मित्रांनो, तो आवाज तिचा नव्हता. हुबेहूब तिच्या बापाचा होता. सगळे जागच्या जागी गप्प झाले.

"खाली बसा समदी! धूर वर ऱ्हातोय. पदर, रुमाल नाकाला लावा. पोरास्नी मधी घ्या. दार सोडा, कुणी ढकलायचं न्हाय! मोबाईलची लाईट लावा. ओ मालक, मागलं दार कुटं हाय?"

"हाय की मागं. पर..." राजवर्धन खोकत म्हणाला, "बाहेरनं कुलूप हाय. किल्ली माझ्या गाडीत."

कुणीतरी त्याच्या कानाखाली जाळ काढला. "ते बाहेर गेल्यावर! आता आवाज बंद," वर्षाराणी म्हणाली. तिनं वर बघितलं, मला बघितलं. मग बापाची कॉलर धरली.

"आबा, ह्यो नळा निघतोय का?"

म्हातारा हलला नाही.

"हंबीरराव! उठा! ड्युटीवर या!"

आणि तो उठला. मुलीकडं न बघता त्यानं माझ्या कड्यावरून हात फिरवला. ज्या खिळीवर मी उभा होतो ती त्याला सापडली.

"ओ, त्याला हात लावू नका!" राजवर्धन ओरडला. "अँटिक पीस हाय त्यो!"

"बाजूला हो," हंबीरराव म्हणाला आणि त्यानं खिळी उपसली.

मी खाली आलो. छतातलं भोक मोकळं झालं. त्यातून उजेड आला आणि धूर वर जायला लागला. धडधाकट बाप्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. सर्वांत पुढं हंबीरराव. "एक, दोन, मार!" तो ओरडला आणि माझं तोंड मागच्या दारावर आदळलं.

पहिल्या धडकेला माझा डोळा फुटला. त्या कारागिरांनी जपून बसवलेली भिंगं माझ्या पोटात एकेक करून चुरा झाली. मला राग आला. खोटं कशाला बोलू? ज्यांनी मला च्युइंगम फासलं त्यांच्यासाठी मी का फुटायचं, असंच मला वाटलं. पण माझ्या अंगावर हंबीररावाचा हात होता. सयाजीच्या दातांचा वण असलेला तोच हात. मी धडका मारत राहिलो. अखेर दार बिजागऱ्यांसकट उखडून बाहेर पडलं.

सगळे वाचले. काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. राजवर्धन फोनवर वायरमनला शिव्या देत होता, तोच लोकांनी त्याला घेरलं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. फुटक्या डोळ्यानं बघत मी गवतात पडलो होतो आणि माझ्या शेजारी बाप-लेक धापा टाकत बसले होते.

बऱ्याच वेळानं हंबीररावानं मुलीला सयाजीची गोष्ट सांगितली. सगळी. "तवापास्नं कोण रडाय लागलं की वाटतंय, आता समदी मरणार," तो म्हणाला. "मग माझ्या तोंडातनं त्योच हुकूम निघतोय."

"मग हे सांगायचं न्हाय व्हय कवा? आई तरी ऐकून गेली असती."

"सांगाय तोंड उघडाय लागतंय, वर्षा."

तिनं तोंडावरची काजळी पुसली. मग म्हणाली, "मला अजून राग हाय, आबा."

"असू दे. राग धराय बी श्वास लागतोय," तो म्हणाला.

तिनं बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं आणि दोघं उठून एसटीच्या थांब्याकडं गेली. जवळ जवळ चालत होती असं मी म्हणणार नाही. पण ती त्याच्यासाठी दोनदा थांबली.

सिमेंटच्या पाणबुडीला आता पोलिसांनी सील ठोकलं आहे. मी तिच्या मागं विटांवर आडवा पडलो आहे. तरी तुम्ही कुंपणावरून वाकून माझे फोटो काढताच.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. लढाईच्या वस्तू बघायला जाता, खुशाल जा. पण आत शिरलात की बाहेर पडायची वाट आधी बघून घ्या. आणि बॉम्बच्या आवाजाला हसू नका. तो आवाज खरोखर ऐकलेला माणूस तुमच्या शेजारी उभा असेल, कदाचित तुमच्याच घरातला. त्याला विचारा. तो खेकसला तरी पुन्हा विचारा. एवढं जमत नसेल, तर माझ्याकडं फिरकू नका.